दोन रविवारांचं गाव आणि एक दारूचं दुकान

अन्याय झाला तो योगितावर आणि तिची सासू हिराबाय हिच्यावर. झाला यंदाच्या गटारीच्या आदल्या शुक्रवारी, भर दुपारी, योगिता भाताची पेज काढत होती तेव्हा. त्या दिवशी गावातलं दारूचं दुकान बंद असायला हवं होतं. गावानंच तसं ठरवलं होतं, भरसभेत हात वर करून. दुकान बंद नव्हतं. पुढचं शटर खाली होतं आणि मागचं दार सताड उघडं होतं. उकळती पेज योगिताच्या पायावर सांडली, ती कोणाच्या धक्क्यानं, हे त्यांच्या घरासमोरच्या ओट्यावर पीत बसलेल्यांपैकी एकानंही अजून सांगितलेलं नाही.

दिवाळी अंकात असं सुरू करत नाहीत, हे मला माहीत आहे. संपादकांनी 'तुमच्या कामातले गमतीशीर अनुभव लिहा' असं सांगितलं होतं. त्यांच्या शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले होते, "एवढ्या लहान वयात कसले आलेत अनुभव?" त्या गृहस्थांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा. गमती आहेत. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव आधी येतं, ही आमच्या धंद्यातली शिस्त आहे.

आमचा धंदा म्हणजे दारूच्या दुकानांविरुद्ध गावं उठवणं. मी एका लहानशा संघटनेची पूर्ण वेळ कार्यकर्ती आहे. इथलं ऑफिस भिवंडीत, एका झेरॉक्सवाल्याच्या वरच्या खोलीत. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर मोर्चे काढतो. मोर्चा वर्षातून एखादा. बाकी सगळा वेळ पत्रकं लिहायची, ती वाटायची, सह्या घ्यायच्या आणि लोकांच्या घरात बसून चहा प्यायचा. ॲसिडिटी हा आमच्यातला ठरलेला आजार आहे.

पत्रकाचंही शास्त्र आहे. जाड कागदावर छापू नये, त्यात वडापाव बांधला जातो. 'दारूचे दुष्परिणाम' अजिबात लिहू नयेत. पिणाऱ्याला ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात आणि न पिणाऱ्याला झोप येते. सह्यांचं तर काय सांगू. दारूबंदीच्या अर्जावर सगळ्यात आनंदानं सही कोण करतं? पिणारा. फक्त त्याला सकाळी गाठायचं. शेलार गावाच्या बाजूला एक गृहस्थ मला रोज सकाळी नाक्यावर भेटायचे आणि पेन मागायचे. मी म्हटलं, "काका, तुम्ही काल केलीत सही." ते म्हणाले, "काल केली, आन् काल रातीच मोडली ना. परत घे."

आता ते गाव. नाव लिहीत नाही, लिहिलं तर दुकानाची फुकट जाहिरात होईल. खाडीच्या अंगाला, अंजूरकडे जाताना लागतं. गावाच्या एका बाजूला लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, दुसऱ्या बाजूला, जिथं पूर्वी भातशेती होती तिथं, गोदामं. मधे गावठाण. गावठाणाच्या तोंडाशी दारूचं दुकान आणि दुकानाला चिकटून हिराबायची भिशी.

भिशी म्हणजे खानावळ. एकटे राहणारे कामगार महिन्याच्या बोलीवर दोन वेळ जेवतात ती. हिराबायचा नवरा गेला तेव्हा तिनं घरच्या पडवीत ही भिशी काढली आणि मुलाला वाढवलं. मुलगा आता कंटेनरवर ड्रायव्हर आहे, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. सून योगिता भाकऱ्या थापते आणि वाढते. भिशीत लूमवालेही जेवतात, गोदामवालेही. समोर लांबलचक ओटा आहे आणि त्यावर खाडीचा वारा येतो.

सगळं भांडण या वाऱ्यानं केलं. दुकानात बाकडी आहेत, पण आत पत्र्याचा उकाडा. त्यामुळे ग्लास दुकानातला आणि बैठक हिराबायच्या ओट्यावर. वर पुन्हा, "मावशी, जरा बोंबील तळ ना." हिराबाय बोंबील तळते ते जेवणाऱ्यांसाठी. हे मागणार ते चकणा म्हणून. मग शिवीगाळ, मग भांडी वाजणार. सुट्टीच्या दिवशी तर असा गोंधळ की ती भिशीचं दार आतून लावून घ्यायची आणि जेवणाऱ्यांना खिडकीच्या गजांतून ताटं द्यायची. माणसं रस्त्यात उभी राहून जेवायची. योगिता आतल्या खोलीत. हिराबायचं मागणं एवढंच होतं, की सुट्टीच्या दिवशी दार उघडं ठेवून माणसांना पंगतीत बसवून वाढता यावं.

आता सुट्टीचा दिवस कुठला, हे सांगते. भिवंडीबाहेरच्या वाचकांनी जरा सावरून बसावं. आमच्याकडे लूम शुक्रवारी बंद असतात. सगळ्या जगाचा रविवार आमच्या लूमवाल्यांना शुक्रवारी येतो. मी भिवंडीतल्या नारपोलीची, लूमच्या खडखडाटात वाढले, म्हणून मोठ्यानं बोलते. माझी शाळा रविवारी बंद आणि बाबांचा कारखाना शुक्रवारी. बाप आणि लेक दोघंही घरी, असा दिवस आमच्याकडे फक्त सणाला यायचा. गोदामांचं मात्र तसं नाही. ती मुंबईच्या कंपन्यांची, त्यांची सुट्टी रविवारी. म्हणजे या गावात आठवड्याला दोन रविवार. आणि दोन्ही रविवार शेवटी हिराबायच्या ओट्यावर.

दुकानदाराला गाव बंड्याशेठ म्हणतं. वाईट माणूस दिसत नाही, हीच त्याच्याबाबतची अडचण. सगळ्यांच्या हळदीला पाचशेची नोट घेऊन हजर, सगळ्यांच्या दहाव्याला खांदे पाडून हजर. दुकान आलं तेव्हा जुन्या मंडळींनी अट घातली होती, की रविवारी बंद ठेवायचं. तेव्हा गोदामं नव्हती. बंड्याशेठनं हसत हसत शब्द दिला. गिऱ्हाईक सगळं शुक्रवारचं, रविवार बंद ठेवण्यात त्याचं जात काय होतं? गोदामं आली तसा तो रविवारीही मागच्या दारानं विकायला लागला. आणि मग एक दिवस राजरोस अर्ज केला: रविवारी दुकान उघडं ठेवण्यास गावाची हरकत नाही, असा ठराव ग्रामसभेनं करावा.

तिथं आम्ही आलो.

कायदा दोन ओळींत सांगते. गावातल्या बायकांनी मागणी केली तर दुकान कायमचं बंद करायचं की नाही यावर सरकार गुप्त मतदान घेतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या, उभी आणि आडवी. उभी म्हणजे राहू दे, आडवी म्हणजे बंद. पण मतदार यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडवी करावी लागते. जी आली नाही, जी माहेरी गेली, जी मेली पण यादीत जिवंत आहे, त्या सगळ्या दुकानाच्या बाजूनं धरल्यासारख्या. या गावात तेवढ्या बायका निघतील असं चित्र नव्हतं. म्हणून लढाई एका दिवसाची. दुकान कुठल्या दिवशी बंद असावं हे गावानं ठरवायचं आणि गावाच्या वजनानं पाळायला लावायचं. हे वजन म्हणजे काय, तर लोकांची लाज. बाकी काही नाही.

आमच्या मुख्य ऑफिसनं तयार पत्रक पाठवलं. वर मोठ्या अक्षरांत 'रविवार कुटुंबाचा'. खाली चित्र: सोफ्यावर बाबा पेपर वाचतायत, आई पोहे आणतेय, दोन मुलं पायाशी खेळतायत. मी तो गठ्ठा घेऊन हिराबायकडे गेले. तिनं चित्र बराच वेळ पाहिलं.

"ह्यो कोन?"

"बाबा."

"कुटं कामाला हाय?"

"चित्रातला आहे तो, मावशी."

"लूमवर न्हाय येवरं खरं. लूमवाला आयतवारी घरी बसलाय व्हय सोफ्यावर?" तिनं पत्रक परत दिलं. "जल्लं तुजं पत्रक. आयतवार बंद करशील गो बाय, मंग माजा सुक्करवार कोन बगनार? मना दोन दिस मार पडतंय, तू एकच मोजतंस."

मी ऑफिसला फोन केला. म्हटलं, इथं शुक्रवार पण घालावा लागेल. पलीकडून आमचे समन्वयक म्हणाले, "दोन दिवस मागितले तर एकही मिळणार नाही. लोकांना ते टोकाचं वाटेल. रविवारवर फोकस ठेव." त्यांचं हिशेबानं बरोबर होतं. गावातले सगळे पिणारे एका बाजूला आणि निम्म्या बायका दुसऱ्या बाजूला, असं धरलं तर आम्ही रविवारसुद्धा हरत होतो.

मग मी लूमच्या रांगेत गेले. लूमचे तसे बरेच कामगार परगावचे, पण या गावात घर करून, मतदार होऊन राहिलेले खूप. त्यांच्यातला पुढारी म्हणजे नरसय्या. मूळ तेलंगणाकडचा, लूमचा जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. भिशीत जेवणारा आणि ओट्यावर बसणारा. मी त्याला चित्रवालं पत्रक दिलं. त्यानं तेलकट बोटांनी धरून वाचलं.

"संडे को बंद? करो ना ताई. हमको काय फरक? हमारा संडे जुम्मे को हाय."

"मग सभेत हात वर करणार?"

"दोनो हात वर करतो. ते गोदामवाले संडेला पिऊन शुक्रवारचा स्टॉक खलास करून टाकतेत. शुक्रवारी आम्हाला काय भेटतो? पाणी मारलेला माल."

मी चहा प्यायले आणि गोदामांकडे चालत गेले. तिथं दिन्या मुकादम भेटला. गावचाच पोरगा, हमालांच्या टोळीवर देखरेख करणारा, गळ्यात जाडजूड चेन. माझं पत्रक न वाचताच त्यानं घडी घालून कानात फिरवलं.

"आयतवार बंद करू नको ताई. हप्त्याला एक दिस मिलतंय आमाला."

"मग शुक्रवार बंद करू का?"

मी हे चिडून विचारलं होतं, शपथ. दिन्या थांबला. त्यानं पत्रक कानातून काढलं.

"कर ना. सुक्करवार कर. ते लूमवाले पिऊन गाडीच्या आडवे येतान, रिव्हर्स घेताना ड्रायव्हर रडतंय. सुक्करवार बंद कर, आमची सगली टोली हात वर करल. लिवून घे."

परतीच्या रिक्षात मी एकटीच हसत होते. रिक्षावाल्यानं आरसा नीट केला.

त्या आठवड्यात मी दोन पत्रकं लिहिली. चित्र काढून टाकलं. गुलाबी पत्रकावर: 'रविवारी दुकान उघडू देऊ नका.' हिरव्या पत्रकावर: 'शुक्रवारी दुकान बंद करा.' गुलाबी वाटली लूमच्या रांगेत, हिरवी वाटली गोदामांत. दोन्ही पत्रकांत एक अक्षरही खोटं नव्हतं. दोन्हीखाली संघटनेचं नाव होतं. कोणीही दुसऱ्या बाजूला जाऊन दुसरा रंग वाचू शकत होतं. पण लूमवाले गोदामांकडे जात नाहीत आणि गोदामवाले लूमकडे. भेटतात ते ओट्यावर, आणि तिथं कोणी वाचत बसत नाही.

समन्वयकांना मी फक्त गुलाबी पाठवलं. ते म्हणाले, छान झालंय, पण चित्र का काढलं?

हिराबायला दोन्ही रंग दाखवले. तिला वाचून दाखवावं लागलं. ऐकून ती एवढंच म्हणाली, "तुजी आय तुना काय खाऊन जल्मली गो?" आणि पहिल्यांदा मला तळलेला बोंबील दिला. मग ती आणि योगिता गावातल्या बायकांकडे घरोघरी गेल्या. बायकांना रंगबिंग सांगायची गरज नव्हती. त्यांना सांगायचं होतं ते सोपं होतं: दोन्ही वेळा हात वर.

ग्रामसभा सव्वीस जानेवारीला. बाहेरच्यांना यातली गंमत कळणार नाही. सव्वीस जानेवारीला लूमही बंद, गोदामंही बंद, म्हणजे दोन्ही बाजूचे झाडून हजर. आणि सरकारी ड्राय डे, म्हणजे दोन्ही बाजूचे झाडून शुद्धीत. इतकी चिडलेली आणि इतकी शहाणी सभा त्या शाळेच्या मैदानात पूर्वी भरली नसेल. सरपंचबाई खुर्चीवर, त्यांचे यजमान खुर्चीच्या मागे उभे, नेहमीप्रमाणे. बंड्याशेठ पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या रांगेत, छातीला तिरंग्याची पिन. मी गावची मतदार नाही म्हणून मैदानाच्या कडेला.

पहिला विषय बंड्याशेठचा: रविवारी दुकान उघडावं. हिराबाय उठली. तिची सूचना, रविवारी बंदच ठेवावं. सरपंचबाईंनी हात मोजायला सांगितले. बायका उठल्या. आणि मग लूमवाले उठले, नरसय्या सगळ्यांत पुढे, खरोखर दोन्ही हात वर करून. ग्रामसेवक म्हणाले, "एकच हात धरतो मी." गोदामवाले ओरडत राहिले. रविवार बंद.

बंड्याशेठ वळून लूमवाल्यांकडे पाहतच राहिला. पण चेहऱ्यावर हसू होतं. त्याचं खरं गिऱ्हाईक शाबूत होतं.

हिराबाय बसली नव्हती. "दुसरं पन हाय," ती म्हणाली. "सुक्करवारी पन बंद ठेवा."

सरपंचबाईंचे यजमान खुर्चीमागून म्हणाले, "हे विषयपत्रिकेवर नाही." तेवढ्यात दिन्या उठला. "न्हाय कसा? ऐनवेळचा विषय हाय. अध्यक्षांची परवानगी हाय का, बाय?" त्यानं थेट सरपंचबाईंना विचारलं. सरपंचबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "हाय परवानगी." त्यांचं घर लूमच्या रांगेच्या तोंडाशी आहे, हे मला नंतर कळलं.

बायकांचे हात वर गेले. गोदामवाले उठले ते पेटून, रविवार गेल्याचा सगळा राग घेऊन. "आमचा गेला ना, यांचा पन जाऊ दे," असं दिन्या मोठ्यानं म्हणतच होता. नरसय्या इकडेतिकडे पाहू लागला. त्याचे लोक जागेवर उभे राहून "ए, ए, ये क्या चल रहा हाय" म्हणत होते आणि ग्रामसेवक हात मोजत होते. शुक्रवार बंद.

 मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "म्हंजे दोनी दिस बंद?"  नरसय्या दिन्याकडे पाहत होता, दिन्या नरसय्याकडे. पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांच्या मतांनी स्वतःचे दोन्ही रविवार कोरडे केले होते. बंड्याशेठ छातीवरची पिन काढून खिशात ठेवत होता. मला हसू आवरेना म्हणून मी शाळेच्या नळावर जाऊन पाणी पिऊन आले.

नरसय्या मला नळावरच भेटला. "ताई, तू सांगितला नाही दुसरा पत्रक हाय."

"तुम्ही विचारलं नाही, शेठ."

"मैं शेठ नहीं," तो म्हणाला. "शेठ को तो कल दूसरा गिऱ्हाईक भेटेगा. छुट्टी हमारी गयी." आणि गेला. हे वाक्य माझ्या मनात राहिलं. तरी मी तो हिरवा कागद परत छापेन.

त्यानंतरचे महिने मला आजही चोरून खाल्लेल्या चिंचेसारखे आठवतात. आम्हाला वाटलं होतं राखण करावी लागेल, बायकांच्या पाळ्या लावाव्या लागतील. काही करावं लागलं नाही. रविवारी दुकानाच्या मागच्या दाराशी पाळीवरून सुटलेले लूमवाले उभे राहायचे, गोदामवाल्यांना कोणी बाटली देतंय का ते पाहत. शुक्रवारी त्याच जागी, काम सांभाळून, दिन्याची टोळी. "आमी सुके तर तुमी पन सुके." जगात दारूबंदीवर इतका कडक पहारा कुणी बसवला नसेल, आणि तो पिणाऱ्यांनी मत्सरापोटी बसवलेला, फुकट.

हिराबायनं दार उघडलं. पहिल्या शुक्रवारी ती पुन्हा पुन्हा बाहेर येऊन बघत होती. मग ओट्यावर बसायच्या पट्ट्या टाकल्या. लूमवाले तोंड पाडून का होईना, मांडी घालून जेवले. मटणाचा रस्सा, तांदळाची भाकरी. योगिता वाढायला बाहेर आली. रविवारी गोदामवाले आले, त्यांना कोलंबीचं कालवण. काहीजण बायकोमुलांना घेऊन आले. मी एका शुक्रवारी गेले तेव्हा नरसय्याची गावाकडून आलेली बायको ओट्यावर जेवत होती आणि नरसय्या तिच्या शेजारी, माझ्याकडे पाठ करून.  पण मिठाचा वाडगा माझ्याकडे सरकवला.

इथं लेख संपवला असता तर संपादक खूश झाले असते.

गटारी जवळ आली. आमच्या भागात गटारी म्हणजे काय ते सांगायला नको, श्रावणाआधीचा तो सगळा जोर. बंड्याशेठनं सहा महिने तोंड उघडलं नव्हतं. आता त्यानं एक बोकड घेतला आणि दोन्ही बाजूंना जेवायला बोलावलं, आपल्या फार्महाऊसवर, गावाबाहेर. लूमवाले आणि गोदामवाले एकाच पंगतीत. तिथं तो काय बोलला ते मला दिन्याकडून कळलं, आणि दिन्यानं ते लाजत सांगितलं. बंड्याशेठ म्हणाला, "एकाच गावचे तुमी. एका बाईच्या कागदावरून भांडतान? तुमी त्यांच्या सुक्करवारी डोले मिटा, ते तुमच्या आयतवारी मिटतील." संपलं. रंग नाही, कागद नाही, एक बोकड. आमच्या धंद्यात मी त्याला मानते.

पुढचा शुक्रवार तोच, गटारीच्या आधीचा. दुपारी मागचं दार उघडलं. राखण करणारे आत बसले होते. मग नेहमीसारखं, आत उकाडा, बाहेर वारा. ग्लास घेऊन दोन्ही बाजूचे, गोदामवाले जेवणाच्या सुट्टीत आलेले, हिराबायच्या ओट्यावर. पंगतीच्या पट्ट्या टाकलेल्या होत्या, त्यांच्यावरच. दार उघडं होतं, कारण महिनोन् महिने ते उघडंच होतं. "मावशी, बोंबील." हिराबाय नाही म्हणाली. कोणीतरी भिशीत शिरून हातानंच घ्यायला लागला, दुसऱ्यानं त्याला मागे ओढला, तिसरा त्या दोघांवर. योगिता दाराच्या आड भाताचा टोप वाकवून पेज काढत होती.

पायाला घोट्यापासून बोटांपर्यंत फोड. रिक्षा नरसय्यानं आणली. त्याच्या तोंडाला वास येत होता आणि तो रडत होता. दवाखान्यापर्यंत तो तिचा पाय स्वतःच्या मांडीवर धरून बसला. मी दवाखान्यात पोचल्यावर विचारलं, धक्का कोणाचा? तो म्हणाला, "मालूम नहीं ताई." दिन्याला विचारलं. "गर्दी होती ताई, दिसलं न्हाय." सहा महिने एकमेकांचा एक घोट ज्यांच्या नजरेतून सुटत नव्हता, त्यांना उकळत्या भाताचा टोप पडलेला दिसला नाही.

बंड्याशेठनं भाजल्यावरचं मलम पाठवलं, मोठी ट्यूब. योगितानं ती परत पाठवली. तक्रार दिली आहे, ती तिच्या चालीनं चालली आहे. आमचे समन्वयक म्हणाले, आपण यावर एक चांगलं पत्रक काढू. त्यांच्याशी मी भांडले. पत्रकानं जे व्हायचं ते झालं होतं. मी लोकांच्या मत्सरावर घर बांधलं, आणि मत्सर मटणात मिटतो. बायकांच्या बळावर बांधलं असतं तर वेळ लागला असता, हेही खरं.

आज दुकान दोन्ही रविवारी उघडं आहे. ठराव पंचायतीच्या कपाटात आहे, कोणी रद्द केलेला नाही. रद्द करायची गरजच काय? योगिता चालते, पण लंगडत. आणि हिराबायनं दार पुन्हा लावलं आहे. ताटं गजांतून जातात.

मी तिला म्हटलं, दुसरा काहीतरी डाव काढते. ती भाकरी थापताना थांबलीसुद्धा नाही. "डाव नको गो. मानसा आन. ओटा भरला ना जेवनाऱ्यांनी, तं त्यांना बसाला जागा कुटं हाय?"

म्हणून आता तुम्हाला सांगते, तुम्ही जे हा अंक मांडीवर घेऊन, चकली खात, 'भिवंडीचं काय बाई एकेक' म्हणताय. येत्या शुक्रवारी दुपारी त्या ओट्यावर जेवायला या. गावाचं नाव मी लिहिलं नाही, पण हिराबायची भिशी विचारलीत तर अंजूरच्या रस्त्यावरचा कुठलाही रिक्षावाला आणून सोडेल. बायकोला आणा, सासूला आणा, शेजारणीला आणा. लवकर या, दुकानाचं मागचं दार उघडायच्या आधी. पैसे देऊन जेवा, फुकट मिळणार नाही. भराभर जेवून उठू नका, ताक मागा, दुसरी भाकरी मागा, गप्पा मारा. ग्लास घेऊन कोणी आला तर भांडू नका, फक्त सरकू नका. आणि भिवंडी लांब पडते असं म्हणणार असाल, तर तुमच्या गावातल्या दुकानाशेजारी ज्या बाईनं दार लावून घेतलंय, तिचं दार आज वाजवा, आणि तिच्या ओट्यावर जाऊन बसा.